जिथे परवानाच नाही तिथे ठेकेदार निवडताना: एका शाळेच्या सिमेंट पत्र्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली ही माध्यमिक शाळा. नाव, गाव आणि साल मुद्दाम गाळले आहे. मुख्य इमारत स्लॅबची. तिच्या मागे सत्तरच्या दशकात बांधलेली ३६ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद शेड आहे. तिच्यात चार वर्ग, कार्यानुभवाची खोली आणि टोकाला विज्ञान प्रयोगशाळा. छपराचा भार पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, त्यांवर पत्रे ज्यांना बांधतात त्या अँगलच्या आडव्या पर्लिन आणि वर ६ मिलिमीटर जाडीचे पन्हाळी सिमेंट पत्रे.

एप्रिलच्या अखेरीस वळवाच्या वाऱ्यात गुलमोहराची फांदी मोभाजवळ (दोन उतार जिथे मिळतात त्या छपराच्या कण्याजवळ) पडली आणि सात पत्रे फुटले. मुले सुट्टीवर होती, एवढे बरे. दुसऱ्या दिवशी सफाईच्या मावशींनी त्या पत्र्यांखालचे दोन्ही वर्ग नेहमीप्रमाणे कोरडे झाडले आणि शिपाई मामांनी तुकडे गोणीत भरून कुंपणाशी ठेवले. पत्र्यात काय आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलेच नव्हते.

या पत्र्यांमधले अ‍ॅस्बेस्टॉस (सिमेंटमध्ये मिसळलेले तंतुमय खनिज) बहुधा पांढरे, म्हणजे क्रायसोटाइल असते आणि ते सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असते. अखंड पत्रा छपरावर नुसता पडून असेल तर फारसे तंतू सुटत नाहीत. तो फोडला, ड्रिलने भोक पाडले, ग्राइंडरने कापला किंवा चुरा कोरडा झाडला की सुटतात. शिवाय चाळीस-पन्नास पावसाळे खाल्लेल्या पत्र्याचा वरचा सिमेंटचा थर झिजून तंतू उघडे पडलेले असतात. 'सिमेंटचाच तर पत्रा आहे' हे म्हणणे नव्या पत्र्याला जितके लागू पडते तितके जुन्याला नाही. क्रायसोटाइलसह सर्व प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे. आजार दिसायला अनेक वर्षे, बऱ्याचदा दशके जातात. म्हणून काम चुकीचे झाले तरी त्या दिवशी कुणाला खोकलाही येत नाही.

पहिली पावले

संस्थेच्या सचिवांनी एका परिचित औद्योगिक सुरक्षा सल्लागाराला बोलावले. त्यांनी आधी दोन्ही वर्गांना कुलूप लावायला सांगितले. पंखे बंद केले. फरशी आणि बाके ओल्या फडक्याने पुसून फडकी जाड प्लास्टिक पिशवीत बंद केली आणि कुंपणाजवळची गोणीही तशीच दुहेरी पिशवीत घातली. फुटलेल्या कडेवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून, ओल्या जागेतून रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा काढला आणि दोन झिप पिशव्यांत घालून एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवला. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली क्रायसोटाइल सापडले.

चाचणीचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो, तरी बहुतेक जण तो वाचवायला बघतात. बाजारात अ‍ॅस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि रंग लावल्यावर नुसत्या नजरेने फरक कळत नाही. अहवाल हातात नसेल तर पुढे ठेकेदार 'यात अ‍ॅस्बेस्टॉस नाहीच' म्हणून मोकळा होतो.

सल्लागारांनी त्याच फेरीत शेड आतून नीट पाहिली. पावसाच्या पाण्याचे दोन उभे पाइप सिमेंटचेच निघाले. जुन्या फ्यूजच्या बोर्डात तंतूंच्या गाद्या होत्या. प्रयोगशाळेच्या कपाटात बर्नरवर ठेवायच्या तारेच्या जाळ्यांचा गठ्ठा होता, मधोमध पांढरी चकती असलेल्या. अनेक शाळांमध्ये या चकत्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या असायच्या आणि त्यांचा भुगा पत्र्यापेक्षा सहज सुटतो. छपराची एवढी चर्चा झाली, पण विद्यार्थ्यांच्या हाताला रोज लागणारी वस्तू हीच होती. जाळ्या त्याच दिवशी पिशवीबंद केल्या आणि सिरॅमिक चकतीच्या नव्या मागवल्या.

खरी अडचण

अ‍ॅस्बेस्टॉस काढायला 'परवानाधारक ठेकेदार नेमा' असा सल्ला परदेशी मार्गदर्शिकांत पहिल्याच ओळीला भेटतो. ब्रिटनमध्ये पाइपवरचे लेपन किंवा फवारलेला थर काढायला सरकारी परवाना लागतो, मात्र सिमेंट पत्र्याला तिथेही सहसा लागत नाही. भारतात अ‍ॅस्बेस्टॉस काढणाऱ्या ठेकेदारांसाठी अशी परवाना पद्धतच नाही. त्यामुळे 'आम्ही सर्टिफाइड आहोत' हे वाक्य ऐकले की लगेच विचारायचे: कुणाचे आणि कशाचे?

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतल्या अनुसूची १ मध्ये 'टाकून दिलेले अ‍ॅस्बेस्टॉस' आहे, पण ती नोंद कारखान्यातल्या उत्पादनाच्या आणि वापराच्या संदर्भात येते. शाळेच्या छपराला ती कशी लावायची, हा प्रश्न राहतोच. संस्थेने वाद न घालता हा कचरा घातकच मानायचे ठरवले. कचरा निर्माण करणारा म्हणून कागदावर नाव शाळेचे येणार, ठेकेदाराचे नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले. पत्रे उद्या ओढ्याकाठी सापडले तर बोट संस्थेकडे येणार.

तपासलेले पर्याय

फुटलेले सातच बदलायचे, हा पहिला पर्याय. तो टिकण्यासारखा नव्हता, कारण नवा पत्रा बसवायला शेजारचे ठिसूळ झालेले पत्रे सैल करावे लागतात आणि त्यातले निम्मे हातात येतात. दुसरा पर्याय जुन्या छपरावरच नवा रंगीत पत्रा चढवायचा. स्वस्त दिसतो, पण स्क्रू जुन्या पत्र्यातून ड्रिल करत जातात आणि कैच्यांवर भार वाढतो. जुन्या कैच्यांचा हिशेब कुणाकडे नव्हता. रंग मारून सीलबंद करायचे तर आधी शेवाळ काढावे लागते, आणि प्रेशर वॉशरने ते काढणे म्हणजे झिजलेला थर थेट अंगणात उडवणे. तेव्हा पूर्ण छप्पर काढायचे यावर एकमत झाले. कुणाकडून, एवढाच प्रश्न उरला.

पत्र्यांचा हिशेब

कोटेशन मागवण्यापूर्वी सल्लागारांनी माल मोजून घेतला, आणि पुढे सगळ्यात कामाला आले ते हेच. १.०५ मीटर रुंदीचा पत्रा शेजारच्या पत्र्यावर चढवल्यावर साधारण १.०१ मीटर जागा झाकतो, म्हणजे ३६ मीटरला ३६ रांगा. प्रत्येक उतारावर २.५ मीटरचे तीन पत्रे. एकूण २१६ पत्रे आणि मोभाच्या ३६ जोड्या. पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण साडेतेरा किलो धरले तर एक पत्रा ३५ किलोच्या आसपास. फक्त पत्रेच साडेसात टन झाले. मोभ, पाइप, लाकडी पॅलेट, प्लास्टिक आणि वापरलेले कपडे धरून ट्रकवर सव्वाआठ ते पावणेनऊ टन चढायला हवे होते. हा आकडा ठेकेदारांना सांगितला नाही, त्यांनाच काढायला सांगितला.

तीन ठेकेदार

पहिला भंगारवाला. तो उलट पैसे द्यायला तयार होता. 'साहेब, चांगले पत्रे गोठ्याला जातात, फुटके भरावाला.' हे त्याने लपवले नाही, आणि खेड्यापाड्यांतल्या बहुतेक जुन्या पत्र्यांचे हेच होते. शाळेच्या छपरावरचा धोका कुणाच्या तरी गाईच्या गोठ्यावर आणि तिथे कोंबड्यांमागे धावणाऱ्या पोरांच्या डोक्यावर जायचा. त्याला नकार द्यायला वेळ लागला नाही.

दुसरा शेडचा फॅब्रिकेटर. नवे छप्पर घातले तर जुने 'फुकटात' काढून देतो म्हणाला. संस्थेच्या तीन विश्वस्तांना हाच पसंत होता, आणि तसे वाटणे साहजिक आहे: एक माणूस, एक बिल, पावसाआधी काम पूर्ण. सोबत आयएसओ ९००१ चे, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे म्हणून एक पत्र होते. पत्र उघडून वाचले तर ते वापरलेल्या तेलाच्या पिंपांबाबत होते, तेही दुसऱ्याच एका कंपनीच्या नावाने.

तिसरा कारखान्यांतली जुनी बॉयलर लाइन आणि इन्सुलेशन काढणारा ठेकेदार. दर नुसत्या काढण्याचा, आणि फॅब्रिकेटरच्या नव्या छपराच्या मजुरीपेक्षाही जास्त. कोटेशन चार पानी: पत्रे काढणे, बांधणी, वाहतूक, विल्हेवाट आणि हवेची तपासणी, प्रत्येकाचा दर वेगळा.

निर्णय फिरवणारे प्रश्न

दोघांनाही शेडखाली उभे करून तेच प्रश्न विचारले. कागदावर सगळेच 'योग्य ती काळजी घेऊ' लिहितात. प्रत्यक्ष जागेवर उत्तर द्यायला लागल्यावर माणूस कळतो.

'नट गंजलाय, फिरत नाही. मग काय कराल?' या छपराला साडेआठशेच्या आसपास ८ मिलिमीटरचे जे-बोल्ट होते आणि एकही सरळ सुटण्यासारखा नव्हता. फॅब्रिकेटर पटकन म्हणाला, 'ग्राइंडर मारायचा, दोन मिनिटांत मोकळा.' ग्राइंडरचे पाते नटासोबत पत्र्यालाही लागते आणि अख्ख्या कामातली सर्वात जास्त धूळ तिथेच उडते. तिसऱ्या ठेकेदाराने वर बघितले, पर्लिनखालचा वाकलेला हूक दाखवला आणि म्हणाला, 'खालून बोल्ट कटरने हूक तोडायचा, ३० इंची लागेल. वरचा नट पत्र्यासकट उचलायचा, त्याला हातच नाही लावायचा.' सल्लागारांच्या मते निवड इथेच झाली, बाकीचे कागद जुळवणे होते.

'माणसे कुठे उभी राहणार?' असल्या कामात त्या दिवशीच जीव घेणारा धोका तंतूंचा नसतो, पत्रा फुटून खाली पडण्याचा असतो. 'पोरं सरावलेली आहेत, बोल्टच्या रेषेवरून चालतात' हे फॅब्रिकेटरचे उत्तर. जुन्या पत्र्याला बोल्टची रेषाही भरवशाची नसते. तिसऱ्याचे म्हणणे होते की कुणीही पत्र्यावर पाय ठेवणार नाही. आत कोबा सपाट आहे, सिझर लिफ्ट (कात्रीसारखी उघडत पाळणा वर नेणारी चाकांची लिफ्ट) फिरेल. फुटलेल्या सात पत्र्यांच्या भोकातून, दोन पर्लिनमधून पाळणा वर काढायचा, शेजारचा मोभ हाताने काढायचा आणि तिथून दोन्ही बाजूंना सरकत जायचे. काम चालू नाही त्या भागाखाली जाळी.

'मागच्या कामाची निळी प्रत दाखवा.' घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा नमुना १० सात प्रतींत असतो. पांढरी पाठवणारा मंडळाला धाडतो, पिवळी स्वतःकडे ठेवतो. माल पोहोचल्यावर विल्हेवाट केंद्र गुलाबी स्वतःकडे ठेवते, नारिंगी वाहतूकदाराला देते, हिरवी मंडळाला आणि निळी मूळ पाठवणाऱ्याला परत करते. करडी परराज्यातल्या मालासाठी. म्हणजे निळी प्रत असते जुन्या ग्राहकाकडे. तिसऱ्या ठेकेदाराने दोन जुन्या ग्राहकांचे क्रमांक दिले. सचिवांनी स्वतः फोन केले आणि एकाने निळ्या प्रतीचा फोटो पाठवला. फॅब्रिकेटर म्हणाला, 'आमचे सगळे विश्वासावर चालते.'

कामगारांची वैद्यकीय तपासणी हा पुढचा प्रश्न. १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद किमान ४० वर्षे ठेवायला सांगितले होते. निवडलेल्या ठेकेदाराकडेही अशी लांब पल्ल्याची नोंद नव्हती. छातीचे एक्स-रे आणि फुप्फुसक्षमतेच्या चाचण्या मात्र होत्या, तेवढ्यावर भागवावे लागले.

निर्णय आणि करार

काढणे आणि नवे छप्पर घालणे ही दोन कामे वेगळी करायची, हा मुख्य निर्णय. एकाच माणसाकडे दोन्ही दिली की त्याला घाई असते नव्या पत्र्याची, आणि जुने पत्रे विकून येणारे पैसे त्याच्या दरात आधीच धरलेले असतात. काढण्याचे काम तिसऱ्याला दिले. नवे छप्पर त्याच फॅब्रिकेटरला, कारण तो त्या कामात चांगलाच होता. हवेची तपासणी तिसऱ्याच्या कोटेशनमधून वगळून संस्थेने प्रयोगशाळेला थेट दिली. आपल्या कामाला स्वतःच पास देणारा ठेकेदार कुणालाही नको.

करारात घातलेल्या अटींपैकी कामाच्या ठरल्या त्या अशा. कामगारांची नावे करारातच, नवा माणूस आला तर त्याचे प्रशिक्षण आणि मास्क बसतो की नाही याची चाचणी होईपर्यंत काम नाही. कामगार नुकसानभरपाईचा विमा, याच जागेच्या उल्लेखासह. ग्राइंडर, ड्रिल आणि प्रेशर वॉशर आवारात आणायचे नाहीत. रकमेचा ३० टक्के भाग काटा पावती (ट्रकच्या वजनकाट्याची), निळी प्रत आणि हवेचा अहवाल हाती आल्यावरच.

प्रत्यक्ष काम

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार आणि विल्हेवाट केंद्राची संमती यांत मे महिन्याचे तीन आठवडे गेले. शाळेला मंडळाची कुठलीच जुनी नोंदणी नव्हती, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर 'तुमचा उद्योग कोणता?' इथून सुरुवात.

कामाची वेळ सकाळी सहा ते दहा. मेच्या उन्हात अंगभर कपडे घालून दुपारी काम करून घेतले तर माणूस चक्कर येऊन पडतो, किंवा मास्क खाली ओढून काम करतो. दुपारच्या वाऱ्याचाही प्रश्न होताच. एकदा वापरून टाकायचे टोपीसकट कपडे, बारीक धूळ गाळणारा एफएफपी३ मास्क, आणि तो घट्ट बसावा म्हणून दाढी केलेला चेहरा. तोंडाला बांधलेला गमछा तंतू अडवत नाही, हे एका कामगाराला पहिल्या सकाळी पुन्हा सांगावे लागले.

पाणी १६ लिटरच्या पाठीवरच्या फवारणी पंपाने, थेंबभर साबण घालून. पंप नवा घेतला, शेतातला औषधाचा वापरला नाही. एकाने पत्रा दोन्ही बाजूंनी भिजवायचा, दुसऱ्याने खालून हूक तोडायचा, मग दोघांनी अखंड उचलून पाळण्यात घ्यायचा. आधी मोभ, मग वरची ओळ, शेवटी पागोळीची. खाली फेकायचे नाही, घासत ओढायचे नाही, ट्रकमध्ये बसावा म्हणून मोडायचे नाही. फुटके सात वगळता २०९ पत्रे उरत होते. १९-१९ चे ११ गठ्ठे पॅलेटवर रचून २५० मायक्रॉनच्या प्लास्टिकचे दोन थर, कडा टेपने बंद, वर इशाऱ्याचे लेबल. गठ्ठा साडेसहाशे किलोच्या वर, म्हणून चढवायला हायड्रा क्रेन.

कुठे अडले

दुसऱ्या दिवशी यादीतले दोघे आले नाहीत आणि त्यांच्या जागी नाक्यावरून आणलेले दोन मजूर दिसले. मुख्याध्यापिकाबाईंनी कराराचे पान दाखवून काम थांबवले. ठेकेदार नाराज झाला, पण सकाळ वाया गेली एवढेच. अट लिहिलेली नसती तर वाद घालण्यातच दिवस गेला असता.

मोभाच्या नऊ जोड्या जुन्या डागडुजीत सिमेंटच्या मालाने चिकटवलेल्या निघाल्या. त्या अखंड येणे शक्यच नव्हते. तिथे काम थांबवून आत प्लास्टिकचा पडदा बांधला, जागा जास्त भिजवली, तुकडे हाताने उचलून थेट पिशवीत घातले.

पत्रे निघाल्यावर पर्लिनच्या वरच्या कडेवर बोटभर जाड धूळ दिसली, बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षे झिरपलेली. कोटेशनमध्ये ती नव्हती. फॅब्रिकेटर नव्या पत्र्यासाठी तिथेच ड्रिल मारणार होता, म्हणजे ही साफसफाई टाळता येणार नव्हती. अतिसूक्ष्म घातक धूळ अडवणाऱ्या एच-क्लास फिल्टरच्या व्हॅक्यूमने आणि ओल्या फडक्याने ती झाली, जादा बिल लागले.

पागोळीखालची माती हा वादाचा मुद्दा ठरला. झिजलेल्या छपरावरून वाहणाऱ्या पाण्यासोबत तंतू तिथेच साचतात. दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटरचा पट्टा ५ सेंटिमीटर खरवडायचा तर दोन घनमीटरहून जास्त माती, म्हणजे आणखी तीनेक टन घातक कचरा. ती न उकरता दिसणारे तुकडे वेचले, पट्टा ओला करून वर काँक्रीट घातले, आणि खाली काय आहे ते इमारतीच्या नकाशावर नोंदवले. पुढे कुणी पाइपलाइनसाठी तिथे खोदेल, तेव्हा ती नोंद लागेल.

निष्पत्ती

काटा पावतीवर ८ टन ६२० किलो. अंदाजाच्या आत, म्हणजे वाटेत कुठे पत्रे उतरले नव्हते. साडेपाच-सहा टन आले असते तर तिथेच विचारता आले असते. माल जिल्ह्यातल्याच रांजणगावच्या केंद्रात गेला आणि पुढच्या महिन्यात निळी प्रत टपालाने आली. त्यानंतर राहिलेले ३० टक्के दिले. पत्रे निघून साफसफाई झाल्यावर शेडमधल्या हवेचे नमुने घेतले. ते घनसेंटिमीटरला ०.०१ तंतू या ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या निकषाच्या खाली होते.

छप्पर मात्र वेळेत झाले नाही. १५ जूनला शाळा उघडली तेव्हा नवा पत्रा अर्धाच चढला होता आणि चार वर्ग दोन आठवडे सभागृहात भरले. पालकांच्या सभेत यावरून बरीच बोलाचाली झाली.

वेगळे काय करता आले असते

कागदपत्रे पत्रे फुटायची वाट न बघता सुरू करायला हवी होती. सिमेंट पत्र्याचे छप्पर असलेल्या संस्थेने दिवाळीच्या सुट्टीत नमुना तपासून, विल्हेवाट केंद्राशी बोलणी आणि मंडळाला पत्र एवढे उरकले तर मेचा पूर्ण महिना कामाला मिळतो.

पर्लिनवरची धूळ, मोभाला लावलेला सिमेंटचा माल आणि पागोळीची माती या तिन्हींचा दर कोटेशनमध्येच मागता आला असता. एक पत्रा हलक्या हाताने सैल करून आत बघितले असते तर पहिल्या दोन गोष्टी आधीच दिसल्या असत्या.

मावशी आणि मामा यांचे काय, हे कुणी वेळेत विचारले नाही. एका सकाळच्या झाडण्याने धोका मोठा होत नाही, पण कोणत्या तारखेला काय झाले याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात व्हायला हवी होती. ती सल्लागारांच्या अहवालानंतर, ऑगस्टमध्ये झाली. सायकल स्टँडवर अजून २२ पत्रे आहेत, अखंड आणि रंगवलेले. ते सध्या आहेत तसेच ठेवले आहेत. दर वर्षी पावसाआधी आणि नंतर खालून बघायचे, भोक पाडायचे नाही, वर चढायचे नाही. वायरमनने पंख्याचा हूक त्या छपराला लावू का असे विचारले, त्याला भिंत दाखवली.